वर्गाच्या ग्रुपवर मुलांची यादी आली, आता काय करायचं? शाळेच्या कार्यालयातून एक सविस्तर उत्तर

प्रश्न कोथरूडच्या एका आईचा आहे. मुलगी अनुदानित मराठी शाळेत सातवीत. बाईंनी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक्सेलची फाइल टाकली आणि खाली लिहिलं, ‘आपल्या पाल्याची माहिती तपासून चूक असल्यास कळवावे.’ फाइलमध्ये वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं, जन्मतारखा, आधार क्रमांक, जात, आईचं नाव, पत्ता आणि मोबाइल. हरकत घेतली तर उत्तर आलं, ‘वरून मागितलंय.’ शिवाय शाळेनं नवीन ॲप घेतलंय. त्याच्या फॉर्ममध्ये उत्पन्न, रक्तगट आणि पालकांचं पॅनसुद्धा विचारलंय. काय द्यावं, काय देऊ नये, आणि मुलीला त्रास न होता शाळेशी कसं बोलावं?

मी पुण्यात २९ वर्षं शाळेच्या कार्यालयात काम केलं. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. आता काही शाळांना दप्तर लावून द्यायला जाते. त्यामुळे खिडकीच्या आतल्या बाजूनं लिहिते आहे.

आधी आजचं काम. बाईंना फोन करा (ग्रुपवर लिहू नका) आणि ती फाइल ‘सर्वांसाठी डिलीट’ करायला सांगा. त्यांना जमत नसेल तर ग्रुपचा ॲडमिनही डिलीट करू शकतो. तेवढ्यानं भागत नाही, कारण बऱ्याच फोनमध्ये फाइल आपोआप उतरलेली असते. म्हणून बाईंनीच ग्रुपवर दोन ओळी टाकाव्यात: ‘यादी चुकून आली, कृपया फोनमधून काढून टाका, पुढे पाठवू नका.’ पालक ऐकतात. यादीत त्यांचंही मूल असतं.

आता या यादीत एवढं काय आहे ते सांगते. आधार क्रमांकाकडे सगळ्यांचं लक्ष जातं आणि ते बरोबरच आहे. आधार कायद्याचं २९वं कलम कोणाचाही आधार क्रमांक जाहीरपणे छापायला किंवा लावायला मनाई करतं. पण मला जास्त काळजी वाटते ती ‘आईचं नाव’ या रकान्याची. आपल्या राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल ऑनलाइन बघताना दोनच गोष्टी विचारतात, बैठक क्रमांक आणि आईचं नाव. म्हणजे आईचं नाव तिथं कुलपाच्या किल्लीसारखं वापरलं जातं. दहावीच्या वर्गात बैठक क्रमांकांची यादी ग्रुपवर फिरते, आईची नावं आधीच फिरलेली असतात. मग मुलीनं स्वतःचा निकाल उघडायच्या आत शेजारच्या इमारतीतल्या कोणीतरी तो उघडलेला असतो. कमी गुण पडलेल्या मुलीसाठी ती गोष्ट लहान नसते. शेजाऱ्यांचे असे फोन आल्यावर रडत आलेल्या मुलींच्या आईंना मी कार्यालयात बसवून घेतलं आहे.

‘वरून मागितलंय’ हे अर्धं खरं आहे. बाईंवर रागावण्याआधी ते समजून घ्या. राज्याच्या ‘सरल’ प्रणालीत आणि केंद्राच्या ‘यू-डायस प्लस’मध्ये प्रत्येक विद्यार्थ्याची नोंद शाळेला भरावी लागते. नाव, जन्मतारीख आणि लिंग आधारशी जुळलं नाही तर तो विद्यार्थी ‘अवैध’ दिसतो. संच मान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर हे, विद्यार्थिसंख्येवर ठरतं आणि त्यात आधार जुळलेली मुलं मोजली जातात. चार-पाच मुलं कमी मोजली गेली की एखादं पद जाऊ शकतं. पद गेलं की शिक्षक अतिरिक्त ठरतो आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत पाठवायच्या, यादीत जातो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ जास्त पडला म्हणून रात्री अकरापर्यंत डोळे फोडणारी बाई मी पाहिली आहे, आणि तो एक ‘ए’ तिच्या सहकाऱ्याची नोकरी ठरवू शकतो. अशा वेळी माणूस सगळी फाइल ग्रुपवर टाकून मोकळा होतो.

पण सरकारनं माहिती पोर्टलवर मागितली आहे, ग्रुपवर मागितलेली नाही. आमच्याकडे आम्ही एक पद्धत लावली होती. वर्गाची यादी मोठ्या अक्षरात छापायची, पट्टी लावून एकेका मुलाची ओळ कापायची आणि ती चिठ्ठी त्याच्या डायरीत स्टेपल करायची. पालकांनी तपासून सही करून परत पाठवायची. एका वर्गाला पाऊण तास लागायचा. शिपाई मामा आणि मी मिळून आठ वर्ग दोन दुपारी संपवायचो. यात शाळेचा खर्च कागद आणि पिना एवढाच, आणि प्रत्येक घरात फक्त स्वतःच्या मुलाची ओळ जाते. हीच सूचना तुम्ही बाईंना द्या. तक्रारीपेक्षा तयार तोडगा शाळेत लवकर ऐकला जातो.

याच कामाचा दुसरा धोका पालकांना दिसतच नाही. पोर्टल चालत नाही, शाळेचं नेट बंद, म्हणून शिक्षक पेनड्राइव्ह घेऊन कोपऱ्यावरच्या झेरॉक्स-सायबरवाल्याकडे जातात. मी एकदा अशा दुकानात शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला बसले होते. समोरच्या स्क्रीनवर फोल्डरांची रांग होती, ‘सातवी ब फायनल’, ‘सातवी ब फायनल नवीन’, ‘आधार राहिलेले’. निरनिराळ्या शाळांची नावं, आणि एकालाही पासवर्ड नाही. दुकानदार भला माणूस होता, मुद्दाम काही करणारा नव्हता. पण त्याच खुर्चीवर माझ्यानंतर जो बसेल त्याला ती सगळी मुलं उघडी होती. मी आमच्या शाळेचं फोल्डर पुसलं, बाकीच्यांचं त्याला सांगितलं. नववीतल्या मुलाच्या घरी क्लासचा फोन येतो आणि ते लोक मुलाचं नाव, शाळा, तुकडी घेऊन बोलतात, तेव्हा ‘यांना कुठून कळलं’ असं पालक विचारतात. तेव्हा मला ती खुर्ची आठवते.

आता काय द्यायचं ते. शाळेला खरोखर लागतं ते जनरल रजिस्टरमध्ये असतं. ते जाड बांधणीचं रजिस्टर ज्यांनी पाहिलंय त्यांना त्याचा मान माहीत आहे. विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, आईचं नाव, धर्म-जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण. हे कायमचं दप्तर आहे. यावरूनच दाखला निघतो, यावरूनच साठ वर्षांनी नातू निर्गम उतारा, म्हणजे आजोबांच्या नोंदीची प्रत, मागायला येतो. अलीकडे कुणबी नोंदी शोधताना शाळांची किती जुनी रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. त्यामुळे तिथं जात लिहायला नकार देऊ नका. पुढे जात पडताळणीच्या वेळी तीच नोंद मुलीच्या उपयोगी पडेल. जन्मदाखला द्या. संपर्कासाठी दोन मोबाइल द्या, एवढं पुरेसं आहे.

आधारचं नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात स्पष्ट केलं आहे की शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचं करता येणार नाही आणि आधार नाही म्हणून मुलाला योजनेपासून वंचित ठेवता येणार नाही. तरीही वर सांगितलेल्या संच मान्यतेमुळे शाळा मागेल. माझं मत असं, की नोंदीसाठी क्रमांक द्यावा, झेरॉक्स मात्र शक्यतो देऊ नये. द्यावीच लागली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या, आणि झेरॉक्सवर आडवं लिहा: ‘फक्त शाळेच्या नोंदीसाठी’, खाली तारीख आणि सही. ‘अपार’ या १२ अंकी ओळखक्रमांकासाठी शाळा वेगळं संमतीपत्र भरून घेते. ते वाचून सही करा. संमतीपत्र आहे म्हणजे नाही म्हणायलाही जागा आहे.

पॅन देऊ नका. देणगीच्या ८०जी पावतीचा (प्राप्तिकरात सवलतीसाठी लागते ती) विषय सोडला तर शाळेला पालकांचं पॅन लागावं असं एकही काम मला २९ वर्षांत पडलं नाही.

उत्पन्न फक्त त्यांनीच द्यावं ज्यांना सवलत किंवा शिष्यवृत्ती घ्यायची आहे, आणि तेही दाखल्याच्या रूपात, त्या अर्जासोबत. सगळ्या वर्गाचं उत्पन्न एका फाइलमध्ये गोळा करायचं कारण नाही. यावर थोडं थांबते, कारण इथं मुलं सर्वांत जास्त दुखावली जातात. पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, वर्गात येऊन विचारायचे, ‘शिष्यवृत्तीवाल्यांनी उभं राहा.’ सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीचे फॉर्म वाटताना एका वर्षी सहावीतली एक मुलगी उभीच राहिली नाही. आम्हाला वाटलं, तिला फॉर्म नको आहे. मुदत गेल्यावर तिची आई खिडकीशी आली. धुणीभांडी करणारी बाई, हातात जातीचा दाखला व्यवस्थित प्लास्टिकमध्ये घातलेला. मुलीनं घरी सांगितलं होतं, ‘सगळ्यांसमोर उभं राहायची लाज वाटली.’ त्या वर्षाचे पैसे गेले. पुढच्या वर्षापासून आम्ही बंद पाकीट डायरीत घालायला लागलो, आणि ज्यांना शिष्यवृत्ती नाही त्यांच्या पाकिटात दुसरी कुठली तरी सूचना घालायचो, म्हणजे पाकीट सगळ्यांनाच मिळायचं. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांतून आलेल्या मुलांच्या बाबतीतही हेच. कोण कुठल्या कोट्यातून आला हे वर्गशिक्षकाच्या कॅटलॉगवर लिहिलेलं असायचं कारण नाही.

तब्येतीची माहिती उलट जरूर द्या, पण योग्य माणसाला. फिट येत असेल, दमा असेल, शेंगदाण्याची ॲलर्जी असेल तर बाईंना आणि खेळाच्या सरांना माहीत हवंच. मुख्याध्यापकांना पत्र द्या आणि आणखी कोणाला सांगायचं ते त्यातच लिहा. एचआयव्हीबद्दल मात्र २०१७ च्या कायद्यानं, न्यायालयाचा आदेश सोडला तर, कोणालाही सांगायची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, शाळेला सांगायचीही नाही.

आता माझी एक चूक, कारण तुमच्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत एका संध्याकाळी सारसबागेपाशी भेळ घेतली. खाऊन झाल्यावर कागद उलगडला तर आत छापील रकाने: पाल्याचे नाव, पालकाचा व्यवसाय, मासिक उत्पन्न, दूरध्वनी. चिंचेच्या पाण्यानं अर्धी शाई पसरली होती, पण हस्ताक्षर ओळखीचं होतं. आमच्याच शाळेचा प्रवेश अर्ज, तीन वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या दिवशी चौकशी केली. सुट्टीत कपाटं साफ करताना जुने अर्ज रद्दीत दिले होते, आणि निर्लेखनाच्या, म्हणजे टाकून द्यायच्या कागदांच्या, यादीवर सही माझी होती. गठ्ठे उघडून न बघता मी सही केली होती. त्या मुलांपैकी काही जण तेव्हा आमच्याच शाळेत शिकत होते. मी रद्दीवाल्याकडे गेले, उरलेले गठ्ठे परत आणले, ज्या पालकांचे फोन लागले त्यांना सांगितलं. दोघे जण चिडले, त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. जनरल रजिस्टर कायम ठेवायचं, बाकी प्रत्येक कागदावर तो कधी फाडायचा ते घेतानाच लिहायचं. झेरॉक्स पडताळली की परत. सहलीचं संमतीपत्र सहल झाली की महिन्यानं नष्ट, आणि तेही आमच्यासमोर फाडून. शाळेत न घेतलेल्या मुलांचे अर्ज तर कोणी सांभाळूच नयेत, आणि तरीही बहुतेक कार्यालयांत ते वर्षानुवर्षं पडलेले असतात.

ॲपच्या बाबतीत हाच प्रश्न मोठा होतो. डिसेंबर २०२४ मध्ये पॉवरस्कूल या शाळांचं सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या अमेरिकी कंपनीच्या प्रणालीत एका चोरलेल्या लॉगिनवरून चोर शिरले आणि अमेरिका-कॅनडातल्या कोट्यवधी मुलांची माहिती गेली. कंपनीनं खंडणी दिली, तरी मे २०२५ मध्ये काही शाळामंडळांना पुन्हा धमक्या आल्या. टोरोंटोच्या शाळामंडळात तर १९८५ पासूनच्या विद्यार्थ्यांच्या नोंदी यात सापडल्या. चाळीस वर्षांपूर्वी शाळेत असलेली माणसं आता पन्नाशीत आहेत आणि त्यांच्या लहानपणीच्या नोंदी चोरांच्या हातात गेल्या. आपल्याकडचं ॲप लहान असेल, पण धोका त्याच जातीचा आहे. म्हणून शाळेला लेखी विचारा: माहिती कंपनीकडे कोण बघू शकतं, मुलगी शाळा सोडून गेल्यावर किती दिवसांत पुसली जाते, आणि ॲपमध्ये क्लासच्या किंवा वस्तूंच्या जाहिराती येतात का. शाळेला उत्तर माहीत नसेल तर तिनं कंपनीकडून आणावं. तोपर्यंत ॲपमध्ये नाव, तुकडी आणि एक मोबाइल एवढंच भरा. रक्तगट आणि उत्पन्न रिकामं ठेवा. फॉर्म पुढे जातच नसेल तर कागदावर सूचना द्यायला सांगा.

कायदा आता तुमच्या बाजूनं येतो आहे. डिजिटल वैयक्तिक माहितीचं संरक्षण करणारा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि शाळा-कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये लागू होतात. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं. मुलाची माहिती संमतीवर घ्यायची तर पालकांची संमती पडताळून घ्यावी लागेल, मुलांवर रोखलेल्या जाहिराती चालणार नाहीत, माहिती फुटली तर तुम्हाला कळवावं लागेल. सुरक्षेत हयगय झाली तर दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. शिक्षण आणि मुलांची सुरक्षितता यासाठी लागणाऱ्या देखरेखीला शाळांना सूट आहे, म्हणून हजेरी किंवा बसचा माग यावरून वाद घालू नका. माझ्या दृष्टीनं त्यातली सर्वांत उपयोगी तरतूद अशी, की संमतीची सूचना आपल्या भाषेत, म्हणजे मराठीत, मागता येते. इंग्रजीतल्या लांबलचक अटींखाली डोळे मिटून सही करायची गरज राहणार नाही. शाळांनी मात्र २०२७ ची वाट बघू नये. पट्टीनं ओळ कापायला कायदा लागत नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडक्यात. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट २०२४ पासून राज्यानं शाळांत सीसीटीव्ही सक्तीचे केले आणि ते योग्यच आहे. फक्त चित्रण कोण बघतं याची नोंदवही असावी, आणि एखाद्या मुलाची क्लिप कोणाच्याही फोनवर जाऊ नये. अत्याचाराचं प्रकरण असेल तर पीडित मुलाची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पालकांच्या ग्रुपवर ‘ती अमुक वर्गातली’ एवढंही लिहू नका.

फोनवरून माहिती देण्याबद्दल शाळेला नक्की विचारा. ‘मी तिचा मामा बोलतोय, ती कोणत्या व्हॅननं जाते?’ असे फोन खरोखर येतात. आमचा नियम होता: ‘थोड्या वेळानं सांगते’ म्हणून फोन ठेवायचा आणि रजिस्टरमधल्या आईच्या किंवा वडिलांच्या नंबरवर उलट फोन करायचा. खरा मामा असेल तर पाच मिनिटांत कळतं. एकदा वडील म्हणाले, ‘तिला मामाच नाही.’ त्या दिवशी मी स्वतः मुलीचा हात धरून व्हॅनपर्यंत गेले.

शाळेला पत्र असं द्या, ओळी बदलून:

‘मा. मुख्याध्यापक, दि. … रोजी वर्गाच्या ग्रुपवर सर्व विद्यार्थ्यांची आधार क्रमांकासह यादी आली. ती काढून टाकण्याची सूचना सर्व पालकांना द्यावी. पुढील पडताळणी प्रत्येक पालकास फक्त आपल्या पाल्याची माहिती देऊन करावी. नवीन ॲपमधील कोणती माहिती आवश्यक आहे व ती किती काळ ठेवली जाईल, हे लेखी कळवावे. यादी तपासण्याच्या कामात आम्ही दोन पालक मदतीस येऊ शकतो.’

शेवटची ओळ गाळू नका. तीच वाचून मुख्याध्यापक तुम्हाला बोलावतील. पत्र एकटीनं देऊ नका, शिक्षक-पालक संघातल्या कोणाला तरी सोबत घ्या, म्हणजे बोट एका मुलीकडे वळत नाही. पत्रावर आवक क्रमांक टाकून पोच घ्या. महिनाभरात काहीच झालं नाही तर त्याच पोचेची प्रत जोडून शिक्षणाधिकारी कार्यालयात अर्ज करा. यादीवरून कोणी फसवून पैसे काढले असतील तर मात्र थांबू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा.

आणि भेटायला जाल त्या दिवशी मुलीची वैयक्तिक फाइल बघायला मागा. मुख्य लिपिकाला विनंती केली तर तो बहुधा दाखवतो. आत जुना पत्ता असेल तर बदलून घ्या, जास्तीच्या झेरॉक्स परत मागा. फाइलमध्ये दुसऱ्याच कोणा मुलाचा कागद निघाला, आणि तो निघतो, तर तो तिथल्या तिथे लिपिकाच्या हातात द्या आणि त्याच्या फाइलमध्ये लागेपर्यंत खिडकीशी उभ्या राहा.